गळ खोल, माणूस काठावर

बांधावरच्या गप्पा



ज्वारीची मळणी उरकली, कडब्याच्या गंजी लागल्या, हरभरा घरात आला. आता पाऊस पडेपर्यंत आपल्या भागात रानात फारसे काम नाही. ज्यांची गावे तलावाच्या काठी आहेत त्यांची पावले या दिवसांत आपोआप पाण्याकडे वळतात. सीना-कोळेगाव असो, तेरचा तेरणा प्रकल्प असो, माकणीचे निम्न तेरणा असो, की गावचा साधा पाझर तलाव असो, पाणी दिवसेंदिवस आत सरकते आणि मासे उरलेल्या पाण्यात गोळा होतात. सांजेला कालवणाची सोय होते, चार मासे जास्त आले तर मिठामिरचीचे पैसे सुटतात.

म्हणून आज पिकावर बोलायचे नाही, मासळीवर बोलायचे. तुम्ही म्हणाल, शेतीच्या साहेबाला मासळीतले काय कळते? खरे आहे. मी शेतीचे शिक्षण घेतलेला माणूस. पण तिफणीची गोष्ट तुम्हाला आणि मला दोघांनाही कळते. तिफण उथळ लागली तर बी कोरड्या मातीत पडते आणि किडा-मुंगी खाते. खोल लागली तर कोंब वर येईपर्यंत दम तोडतो. ओल जिथे असेल तिथेच बी पडले पाहिजे. मासा धरण्याचेही तसेच आहे. मासा ज्या थरात असेल त्याच थरात आमिष फिरले पाहिजे. वर-खाली झाले तर दिवसभर बसून हात रिकामे.

ही गोष्ट मला ठाऊक होती. पण मी ती लोकांना अर्धीच सांगितली, आणि त्या अर्ध्या सल्ल्यापायी एका घरचा दिवा विझता विझता राहिला. ती हकिकत आधी सांगतो.

माझा अर्धा सल्ला

काही वर्षांपूर्वी तलावाकाठच्या एका गावात शेतकऱ्यांची बैठक होती. विषय होता शेततळ्यातील मत्स्यपालन. बैठक संपल्यावर दोन भाऊ जवळ आले. थोरला म्हणाला, "साहेब, तलावात मासे तर दिसायलेत, पण आमच्या गळाला काही येईनात." मी म्हणालो, "ऊन तापले की मासा काठ सोडतो, खोल पाण्यात जातो. तुम्ही काठाला गळ टाकून बसलात तर कसा येईल? खोल पाण्याकडे जा." एवढे बोललो आणि गाडीला किक मारली.

चार दिवसांनी धाकटा भाऊ ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसून खोल पाण्यात गेला. तलावाच्या पोटात जुन्या बाभळी बुडालेल्या होत्या. पाणी उतरल्यामुळे त्यांचे शेंडे पाण्याखाली हातभरावर आले होते. काटा लागला आणि ट्यूब फुटली. पोहता येत होते, पण सोबत नेलेले जाळे पायात गुंतले. थोरला भाऊ काठावर होता. त्याने प्रसंग ओळखला. स्वतः उडी टाकली नाही. बैलांचा कासरा आणि पाण्याची दोरी गाठ मारून जोडली, टोकाला झाकण घट्ट लावलेला रिकामा डबा बांधला आणि फेकला. तिसऱ्या फेकीला डबा हाताला लागला. पोरगा वाचला.

मी आठवड्याने त्या घरी गेलो. त्यांच्या आईने पाणी दिले, चहा दिला आणि शांतपणे म्हणाली, "साहेब, मासा खोल पाण्यात असतो म्हणून तुम्हीच सांगितलं होतं. माझं लेकरूबी तिथंच गेलतं."

त्या माउलीने मला दोष दिला नाही, पण मला काय ते समजले. गळ खोल पाण्यात न्या म्हणून मी सांगितले, माणूस काठावर ठेवून तो कसा न्यायचा हे सांगितले नाही. सल्ला देणाऱ्याने अर्ध्या वाटेवर हात सोडू नये. आज उरलेली अर्धी गोष्ट सांगतो.

कोणता मासा कोणत्या थरात?

आपल्या तलावांत बीज सोडून वाढवलेले मासे मुख्यतः तीन. कटला, रोहू आणि मृगळ. हे मूळचे उत्तरेकडच्या गंगेच्या खोऱ्यातले. साठलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात इंजेक्शन देऊन या जातीच्या माशांचे प्रजनन करून दाखवले, आणि मग गावोगाव मत्स्यबीज मिळण्याची वाट मोकळी झाली. म्हणून १० जुलै हा दिवस मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात.

या तिघांचे तोंड पाहिले तरी त्यांचा थर कळतो. कटल्याचे तोंड वरच्या बाजूला वळलेले, तो वरच्या थरात चरतो. रोहूचे तोंड किंचित खाली, ओठ झालरीसारखे, तो मधल्या थरातला. मृगळाचे तोंड खाली, तो तळाचा गाळ चाळतो. सायप्रिनसही तळाचाच. चंदेरा वर राहतो. एका तळ्यात पाच-सहा जाती एकत्र सोडतात त्याचे कारण हेच. प्रत्येकाचे ताट वेगळे, म्हणून भांडण नाही.

हे झाले शाकाहारी आणि मिश्राहारी. दुसरे शिकारी. मरळ पाणवनस्पतीच्या आडोशाला दबा धरून बसतो. त्याला हवा घ्यायला वर यावे लागते, म्हणून तो उथळ पाण्यातही तग धरतो. शिवडा मोठ्या तोंडाचा, खोल डोहात आणि जुन्या नदीपात्राच्या कडेने राहणारा, अंधार पडू लागला की शिकारीला निघणारा. वाम दिवसा तळाशी दगड-गाळात लपते.

आता वेळ पाहा. वारा पडला असेल आणि ऊन कडक असेल, तर दुपारी वरचे पाणी तापते आणि मासा खाली सरकतो. पण अगदी तळाशी जाईलच असे नाही. तळाला पालापाचोळा कुजत असतो, त्यात प्राणवायू खर्च होतो आणि उजेड नसल्यामुळे नवा तयार होत नाही. म्हणून उन्हाळ्याच्या दुपारी मासा पुष्कळदा मध्यावर सापडतो. ना वर, ना तळाशी. सकाळ-संध्याकाळी तोच मासा काठाला येतो. वारा सुटला की पाणी घुसळून निघते आणि थर मोडतात. पहाटे तळ्यातले मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकताना दिसले तर ते चरायला आलेले नाहीत, त्यांना प्राणवायू कमी पडतो आहे हे ओळखा आणि ताजे पाणी सोडा.

बसून गळ टाकत असाल तर

स्थिर गळाची खोली ठरवणे सोपे आहे. आधी दोरीला दगड बांधून पाण्याचा तळ मोजा. मग गळाच्या दोऱ्यावर तरंगता बोंडूक, म्हणजे बोरूचा किंवा थर्माकोलचा तुकडा, असा बांधा की गळ हव्या त्या खोलीवर लोंबेल. पाणी सहा हात असेल तर मृगळासाठी पावणेसहा हातांवर, रोहूसाठी तीन हातांवर, कटल्यासाठी एक-दीड हातावर. पेंड मिसळलेल्या कणकेचा गोळा या तिघांनाही चालतो. अर्धा तास आमिष कोणी शिवले नाही तर जागा बदलण्याआधी खोली बदलून पाहा. बहुतेक लोक जागा बदलत फिरतात आणि दोरा मात्र तेवढाच ठेवतात.

शिकारी माशाचे तसे नाही. त्याला हलते भक्ष्य दिसले पाहिजे. म्हणून त्याच्यासाठी आमिष पाण्यातून ओढत न्यावे लागते. समुद्रावर होडीमागे गळ ओढून सुरमई धरतात ती हीच रीत. आपल्याकडे होडी नाही, आणि काठावरून ओढलेला गळ काठालाच येतो. इथे फळी कामाला येते.

फळी आत कशी जाते?

तुम्ही पतंग उडवला असेल. दोरा आपल्या हातात, वारा पतंगाच्या तिरप्या अंगावर आदळतो आणि पतंग वर चढतो. फळी म्हणजे पाण्यातला आडवा पतंग. एक फळी कडेवर उभी तरंगेल अशी करायची, तिला एका अंगाने किंचित तिरपी राहील अशी दोरी बांधायची आणि काठाने चालत ओढायची. पाणी तिच्या तिरप्या अंगावर दाबते आणि फळी काठापासून दूर, आत आत सरकत जाते. लोखंडी नांगराचे पाते तिरपे असते म्हणून माती एका अंगाला पडते. इथे माती म्हणजे पाणी, आणि सरकते ती फळी, एवढाच फरक.

मला हे पहिल्यांदा उमगले ते रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर. शेतकऱ्यांची सहल घेऊन गेलो होतो. ट्रॉलरच्या मागे दोन जड फळ्या टांगलेल्या दिसल्या. एका वयस्क तांडेलाला विचारले, "मामा, ही दारे कशाला?" ते हसून म्हणाले, या दोन फळ्या पाण्यात एकमेकींपासून दूर पळतात आणि जाळ्याचे तोंड उघडे ठेवतात. होडी पुढे, फळ्या दोन बाजूंना, मधे जाळे. तेव्हा डोक्यात उजेड पडला, की एकच फळी घेतली आणि होडीऐवजी माणूस काठाने चालला तर?

घरी येऊन वाचन केले तेव्हा कळले, ही युक्ती जगाने कधीच वापरली आहे. नॉर्वे-स्वीडनच्या डोंगरातल्या तलावांवर काठाने चालत अशी फळी ओढतात आणि दोरीला लोंबणाऱ्या गळांनी मासे धरतात. तिकडे तिला पाणमांजर म्हणतात. अमेरिकेत १९६६ साली मिशिगन सरोवरात कोहो सामन माशाची पिल्ले सोडली. ती वाढल्यावर होडीमागे गळ ओढण्याचा तिथे मोठा छंदच लागला. होडीच्या आवाजाने मासा बाजूला पळतो, म्हणून तिथले लोक दोन्ही अंगांना फळ्या सोडून गळ होडीपासून दूर नेतात. आणि इंग्लंडमध्ये? तिथे गोड्या पाण्यातले मासे अशा फळीने धरायला १९७५ च्या कायद्यात बंदी आहे. चोरून मासे मारणाऱ्यांच्या हाती ती फारच चालते, म्हणून. हे शेवटचे लक्षात ठेवा, पुढे त्यावर बोलायचे आहे.

फळी घरी कशी करावी?

सुतार नको, लोहार नको. फळांच्या खोक्याची किंवा सावरीची हलकी, सरळ फळी घ्या. लांबी वीस इंच, उंची पाच इंच, जाडी पाऊण इंच.

पुढच्या टोकाचा खालचा कोपरा होडीच्या नाळेसारखा तिरपा कापा, म्हणजे फळी लाटेवर चढेल, आत घुसणार नाही. कानसने कडा गुळगुळीत करा. जवसाच्या तेलाचे दोन-तीन हात द्या आणि प्रत्येक हात पूर्ण सुकू द्या. जवसाचे तेल सुकून लाकडावर पापुद्रा धरते, पाणी मुरत नाही. वरच्या कडेला दोन बोटे लाल किंवा पिवळा रंग द्या, म्हणजे लांबून दिसेल.

खालच्या कडेला शिशाची पट्टी किंवा नट-बोल्ट बसवा. वजन तीनशे ग्रॅमपासून सुरू करून जनावरांच्या हौदात फळी तरंगवून पाहा. फळी कडेवर सरळ उभी राहिली आणि रंगवलेला भाग, साधारण सव्वा इंच, पाण्याबाहेर राहिला की वजन बरोबर. आडवी पडली तर वजन वाढवा. बुडू लागली तर कमी करा.

आता दोरी. फळीला दोन आरपार भोके पाडा. एक पुढच्या टोकापासून चार इंचांवर, दुसरे मागच्या टोकापासून सहा इंचांवर, दोन्ही उंचीच्या मध्यावर. दोन्ही भोकांतून दोर ओवून काठाकडच्या बाजूला एका कडीत बांधा. पतंगाला दोन ठिकाणी दोरा बांधून मधे एक गाठ घेतो तसे. कडी ताणून फळीवर टेकवली तर ती पुढून एक तृतीयांश अंतरावर आली पाहिजे. या कडीला ओढायची मुख्य दोरी.

सारी मेख या कडीत आहे. कडी पुढे गेली तर फळी सरळ मागे मागे येते, आत जात नाही. कडी मागे गेली तर फळी फार आडवी होते, पाणी अंगावर घेते आणि उलटते. माझी पहिली फळी तीनदा उलटली. गावची पोरे हसली. बोटभर कडी पुढे घेतली आणि चौथ्या खेपेला फळी अशी सरळ आत निघाली, की तीच पोरे दोरी माझ्या हातातून घेऊ लागली. परत फिरताना पाणी दुसऱ्या हाताला येते. तेव्हा दोर भोकांतून काढून फळीच्या दुसऱ्या अंगाला ओवायचा, बस्स.

खोली कशी सांभाळावी?

मुख्य दोरी चाळीस हात. (हात म्हणजे दीड फूट.) तेवढी सोडली की माझ्या अनुभवात फळी काठापासून पंचवीस-तीस हात आत राहते. फळीपासून चार हात सोडून पहिली लोंबती दोरी बांधा. मग चार-चार हातांवर आणखी दोन. तीनपेक्षा जास्त नकोत, गुंता होतो. लोंबत्या दोऱ्या मुख्य दोरीपेक्षा बारीक असू द्या. गळ बाभळीला अडकला तर बारीक दोरी तुटेल, फळी वाचेल, आणि ती सोडवायला कोणी पाण्यात उतरणार नाही.

फळी पृष्ठभागावर तरंगते, म्हणून तिच्याखाली गळ किती जाणार हे तीन गोष्टी ठरवतात.

पहिली, लोंबत्या दोरीची लांबी. पण इथे फसू नका. चार हात दोरी सोडली म्हणजे गळ चार हात खोल गेला असे नाही. आपण चालतो तेव्हा पाणी गळाला मागे लोटते आणि दोरी तिरपी होते. बैलगाडीमागे बांधलेला कंदील चढाला मागे झुकतो तसे. म्हणून खोली नेहमी लांबीपेक्षा कमी.

दुसरी, वजन. गळाच्या वर एक हातावर शिशाची गोळी लावली की दोरी उभी राहते आणि गळ खाली जातो.

तिसरी, चाल. भरभर चाललात की गळ वर येतो, सावकाश चाललात की खाली जातो. कोळपणी करताना बैल जितके मंद चालवता त्याहून मंद चाला. थांबलात तर फळीचा ताण जातो, ती काठाकडे येते आणि गळ तळाला टेकतात.

मग नेमकी खोली कळावी कशी? तिफण पट्टी धरून चालवतो तसा इथेही एक तास घालून बघायचा. काठाशेजारी जिथे तळ सपाट आणि माहितीचा आहे, समजा चार हात, तिथे फळी सोडून आपल्या नेहमीच्या चालीने चाला. गळाला आमिषाऐवजी कापडाची चिंधी बांधा. चिंधीला तळाचा गाळ लागला तर गळ चार हात गेला. नाही लागला तर दोरी अर्धा हात वाढवा आणि पुन्हा चाला. गाळ लागला त्या लांबीला दोरीवर गाठ मारा. तीच दोरी, तेच वजन, तीच चाल ठेवली तर पुन्हा पुन्हा तीच खोली मिळेल. नुसत्या हाताने ओढलेल्या गळाला हे साधत नाही, कारण तो जवळ येता येता वर चढत जातो. फळीमागचा गळ काठाने चालत आहोत तोवर एकाच थरात राहतो. फळीचा खरा गुण हाच.

तीन गळ तीन खोलींवर ठेवून सुरुवात करा. एक हात, अडीच हात, चार हात. कोणत्या गळाला मासा लागतो ते दोन फेऱ्यांत कळते. मग तिन्ही त्याच खोलीवर आणा. पाणवनस्पतीच्या कडेने मरळ धरायचा असेल तर हातभर पुरे. दिवस मावळताना जुन्या पात्राच्या कडेने शिवड्यासाठी चार हातांच्या खाली जावे लागते. मासा लागला की फळी गचका खाऊन मागे पडते. तेव्हा धावू नका, दोरी हातावर हात टाकत सावकाश ओढा. ती हाताला गुंडाळू नका. मोठा मासा बोट कापून नेतो.

फळीने काय होत नाही

खरे तेच सांगतो. रोहू, कटला, मृगळ हे हलत्या आमिषामागे धावणारे मासे नव्हेत. त्यांच्यासाठी स्थिर गळ किंवा जाळेच हवे. शेततळ्यात फळीचा उपयोग नाही. तिथे चालायला जागा नाही आणि शिकारी मासे असू देणेही परवडत नाही. काठाला झाडी असेल, बाभळीचे शेंडे वर आलेले असतील, सोसाट्याचा वारा असेल, तर फळी चालत नाही. त्या दिवशी घरी बसा.

आणि पाणी उतरल्यावर उघडा पडलेला गाळ वरून कोरडा, आतून पिठलं असतो. माणूस मांडीपर्यंत रुततो. फळी घेऊन चालायची वाट आधी काठीने चाचपून ठरवा.

मघाशी इंग्लंडच्या बंदीचे बोललो. ते देशसुद्धा असे म्हणतात त्यात शहाणपण आहे. तलावाचा ठेका गावच्या किंवा शेजारच्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. पैसे भरून बीज सोडलेले ते त्यांचे पीक आहे. आपल्या उभ्या ज्वारीत कोणी कणसे मोडली तर आपल्याला कसे वाटेल? संस्थेच्या लोकांना भेटा, विचारा, परवानगी घ्या. आमचे भोई-कोळी बांधव पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर जगतात. त्यांच्याकडून शिकण्यासारखे माझ्या पुस्तकापेक्षा जास्त आहे. आणि पहिला पाऊस पडून पाण्याला लोंढा आला की गळ खुंटीला टांगा. अंडी भरलेली मादी धरणे म्हणजे बियाणे दळून खाणे.

काठावरच्या चार गोष्टी

तलावावर जाल तेव्हा वीस-पंचवीस हात दोरीला बांधलेला, झाकण घट्ट असलेला रिकामा डबा सोबत न्याच. कोणी बुडत असेल तर उडी टाकू नका, डबा फेका. बुडणारा वाचवणाऱ्याला मिठी मारतो आणि दोघेही जातात. एकट्याने जाऊ नका. ट्यूब आणि थर्माकोलच्या तराफ्यावर भरवसा ठेवू नका. जाळे टाकायला पाण्यात जाणे भागच असेल तर अंगात जीवरक्षक जाकीट असल्याशिवाय पाऊल टाकू नका.

माउल्यांनो, हे तुमच्यासाठी. शेततळ्याचा प्लास्टिक कागद शेवाळाने साबणासारखा होतो. पोहता येणारा माणूसही त्यावरून वर चढू शकत नाही. चारही बाजूंना हातभर अंतरावर गाठी मारलेल्या दोऱ्या मेखेला बांधून पाण्यात सोडून ठेवा आणि भोवती कुंपण घाला. पोरे सुटीत घरी आहेत. हे काम याच आठवड्यात करून घ्या.

आता त्या दोन भावांचे. पहिली चाललेली फळी मी त्यांनाच नेऊन दिली. संस्थेच्या लोकांशी बोलणे करून दिले. गेल्या उन्हाळ्यात त्या वाटेने जात होतो. दिवस मावळायला आला होता. धाकटा भाऊ काठाने सावकाश चालत होता. दूर पाण्यात एक लाल ठिपका त्याच्या बरोबरीने चालला होता. आई बांधावर शेळ्या घेऊन बसली होती. मला पाहून म्हणाली, "बघा साहेब, फळी गेली आत. लेकरू माझ्या नजरेसमोर हाय."

मंडळी, आमच्यासारख्यांच्या सल्ल्याची खोलीही मोजून घेत जा. साहेब अर्धेच सांगून गाडीला किक मारायला लागला, तर हँडल धरा आणि विचारा, "पुढचं काय?"

पुढच्या आठवड्यात पावसाआधी बियाण्याची उगवण घरच्या घरी गोणपाटावर कशी तपासावी ते बोलू. तोवर रामराम!